रिकाम्या हाताचा बाजार

शनिवार हा बेळगावच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी सायंकाळी गणपत गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहून जो कोणी डोळे उघडे ठेवील, त्याला आपल्या समाजाविषयीचे एक सत्य कोणत्याही सभेस न जाता उमगेल. माणसे बाजारास येतात ती रिकाम्या हाताने. आणि परततात तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांना सात-आठ प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत असतात. मिरचीची पिशवी निराळी, लिंबांची निराळी, कोथिंबिरीची एक जुडी घेतली तर तिलाही स्वतंत्र वस्त्र! ओझ्याने बोटांवर वळ उठतात, ते सोसतील. परंतु घरातून निघताना दाराआडच्या खुंटीवरची कापडी पिशवी काढून काखेत मारण्याचे कष्ट मात्र घेणार नाहीत. आता तर पुष्कळ घरांतून ती खुंटीही नाहीशी झाली आहे.

सीमाप्रश्नाला वाहिलेल्या पत्राने आपला अग्रलेखाचा रकाना अशा ‘क्षुद्र’ विषयासाठी खर्ची घालावा काय, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. विचारणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख आमच्या इच्छेविरुद्ध तत्कालीन म्हैसूर राज्यात डांबला गेला. तेव्हापासून आम्ही सांगत आलो की ही भूमी आमची आहे. त्यासाठी सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, रक्त सांडले. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयाचे दारही ठोठावले. भूमीवरचा हक्क सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक कागदपत्रांचा, जनगणनेच्या आकड्यांचा आणि इतिहासाचा. तो वकिलांनी व नेत्यांनी चालवावयाचा. दुसरा मार्ग त्या भूमीची निगा राखण्याचा. तो प्रत्येकाने रोज चालवावयाचा. पहिल्या मार्गाने आपण सात दशके चालत आहोत. दुसऱ्या मार्गावर आपली पावले किती उमटली, याचा जाब आज ही हलकी, पारदर्शक, फुकट मिळणारी पिशवी आपणांस विचारीत आहे.

या पिशवीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पॉलिथीन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्यात अपघाताने हाती लागला. त्याची, दोन मुठी असलेली, आज आपण बाजारात पाहतो त्या आकाराची पिशवी स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन थुलिन या अभियंत्याने तयार केली आणि १९६५ साली तिचे एकस्व घेण्यात आले. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जातात, ती वाचावीत आणि ही टिकाऊ पिशवी माणसाने पुन्हा पुन्हा वापरावी, असा त्यांचा हेतू होता, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. स्वतः थुलिन अशी एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत असत म्हणे. म्हणजे ज्याने ती घडविली तो गृहस्थ ती जपून वापरीत होता. आपण मात्र बाजारापासून घरापर्यंतच्या अर्ध्या तासाच्या सेवेसाठी ती घेतो आणि पुढची कित्येक शतके ती पृथ्वीच्या माथी मारतो. दोष वस्तूचा किती आणि वापरणाऱ्याच्या बुद्धीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

ही वस्तू कुजत नाही. ऊन, वारा, पाणी यांनी तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण माती तिला आपल्यात सामावून घेत नाही. बेळगावच्या सांडपाण्याचा व पावसाच्या पाण्याचा मोठा भाग ज्या बळ्ळारी नाल्यातून वाहून जातो, त्याच्या काठी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारांतील सुपीक जमीन आहे. बेळगावी बासमतीचा सुवास ज्या मातीतून उठत आला, ती हीच माती. पावसाळ्यात नाला फुगतो, पाणी शेतांत शिरते आणि ओसरताना भाताच्या रोपांवर शहराचा उकिरडा ठेवून जाते. नाला तुंबण्यास गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमणे ही मोठी कारणे आहेत, हे आम्ही जाणतो. सगळा दोष पिशवीवर ढकलून अधिकाऱ्यांना मोकळे सोडण्याचा आमचा विचार नाही. परंतु पुलाच्या कमानीखाली, गटाराच्या जाळीत, मोरीच्या तोंडाशी आधी काय अडकते आणि त्याच्या आधाराने बाकीची घाण कशी साचते, हे पाहण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या प्रलयानंतर नाले-गटारांतील प्लॅस्टिककडे महाराष्ट्राचे डोळे वळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याही घरांत पाणी शिरले. पाणी ओसरले आणि आपण विसरलो.

शेतकऱ्याचे दुसरे दुःख याहून मुके आहे. उरलेले अन्न, भाज्यांची देठे, आंब्याच्या साली पिशवीत घालून, वर गाठ मारून आपण ती कोपऱ्यावर फेकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साचत राहते, रवंथ थांबतो, जनावर भरल्या पोटी उपाशी मरते. शस्त्रक्रियेत अशा जनावरांच्या पोटांतून कित्येक किलो प्लॅस्टिक काढल्याचे पशुवैद्य सांगतात. वसुबारसेला गाईची ओवाळणी करणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे गाठ मारलेली पिशवी टाकणाऱ्या घराला काय म्हणावे? आणि ज्यांना फेकणेही नको असते, ते पहाटे दारासमोर ढीग करून जाळतात; तो विषारी धूर शेजारच्या घरातील तान्ह्या मुलाच्या आणि दमेकरी वृद्धाच्या छातीत जातो.

मग कायदा काय करतो, असे विचाराल, तर कायद्यांची वाण नाही! केंद्र सरकारने १९९९ साली पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. २०११ साली ती ४० झाली, २०१६ साली ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीचा हा आग्रह वरवर विचित्र वाटतो. त्यामागील तर्क मात्र सरळ आहे. पातळ पिशवीला भंगारात किंमत नसते, म्हणून कचरा वेचणारी बाई तिला हात लावीत नाही आणि ती वाऱ्यावर सुटते. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटीत नाही, गिऱ्हाईक ती फेकीत नाही आणि फेकलीच तर ती वेचली जाते. याखेरीज कर्नाटक सरकारने २०१६ सालच्या मार्चमध्ये आणि महाराष्ट्र सरकारने २०१८ सालच्या मार्चमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. महाराष्ट्राने पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांची कैद सांगितली. म्हणजे दिल्ली, बेंगळुरू आणि मुंबई यांचे ज्या थोड्या प्रश्नांवर एकमत आहे, त्यांपैकी हा एक होय. आणि ज्या एका वस्तूने हा सीमातंटा केव्हाच मोडीत काढला आहे, तीही हीच! शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे ती सारख्याच दिमाखाने गटारात लोळत आहे.

कायदा असून पिशवी का जात नाही? एका भाजीवाल्या मावशींना आम्ही हे विचारले. पंचक्रोशीतील एका खेड्यातून त्या पहाटे बुट्टी डोक्यावर घेऊन येतात. त्या म्हणाल्या, “पिशवी न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक फुडच्या बुट्टीकडं जातंय की ओ साहेब. मग ह्या भाजीचं मी काय करू?” या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आहे. पिशव्यांचा पुडा तिला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. तो तिच्या तुटपुंज्या नफ्यातून जातो. पकडली गेली तर दंडही तिलाच. ती पिशवी हौसेने देत नाही, भीतीने देते. ही भीती आपण, म्हणजे गिऱ्हाइकांनी, तिच्या मनात घातलेली आहे.

येथे अधिकारीवर्गालाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. बंदीची मोहीम निघते तेव्हा तिचा मोर्चा हमखास बुट्टीवाल्या बाईकडे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे वळतो. जिथे या पिशव्या तयार होतात ते कारखाने, जिथे त्या गठ्ठ्यांनी उतरतात ती गोदामे, जिथून त्या पुड्यांनी विकल्या जातात ती ठोक दुकाने यांचा पत्ता अधिकाऱ्यांना ठाऊक नाही, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचा हा उद्योग आहे. शिवाय ज्या माणसाला दंड करावयाचा त्याला नियम त्याच्या भाषेत समजावून सांगणे हा सुसंस्कृत शासनाचा पहिला धर्म. या शहरात व तालुक्यांत मराठी बोलणारा दुकानदार, मराठी वाचणारी गृहिणी आणि मराठीत व्यवहार करणारा शेतकरी राहतो, हे वास्तव कोणत्याही फलकाने पुसले जात नाही. बंदीची पत्रके, दंडाचे तक्ते आणि कचरा वेगळा करण्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही निघाल्याच पाहिजेत. ही मागणी आमच्या भाषाभिमानाची आहे, तशीच ती मोहिमेच्या यशाचीही आहे. कारण न समजलेला नियम पाळला जात नाही, फक्त चुकविला जातो.

आता आमच्याच काही सहकाऱ्यांचा आक्षेप घेऊ. ते म्हणतात, “जे राज्य आम्ही मानीत नाही, त्याच्या बंदीचा पुरस्कार आपण का करावा? त्यांचे काम त्यांनी करावे.” या युक्तिवादात जोर दिसतो, पण त्यात अर्थ नाही. अन्यायाच्या आज्ञेला विरोध करणे हे आंदोलन. आपल्या दारातील गटार आपणच तुंबवणे हे आंदोलन नव्हे. राज्य कोणाचेही असो, नाला आपला आहे, शेत आपले आहे, गाय आपली आहे. राकसकोपच्या जलाशयाचे पाणी बेळगावकर पितात, मग ते मराठी बोलोत की कन्नड. त्या पाण्याने कोणाची मातृभाषा विचारली नाही. आमच्या कन्नड बंधूंशी आमचा सीमेविषयी वाद आहे. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन घरांचा कचऱ्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. उलट या एका कामात दोघांनी हात मिळविला तर कोणाच्या भूमिकेस बाध येणार नाही.

आणि हेही सांगून टाकतो, कारण दुसऱ्यांचे दोष वेशीवर टांगताना आपले झाकणे या पत्राला शोभणार नाही. आमच्याच एका मेळाव्यानंतर, घोषणांचा निनाद विरल्यावर, आम्ही त्या मैदानावरून चालत गेलो. ज्या भूमीच्या कणाकणावर हक्क सांगणारी भाषणे तासापूर्वी झाली होती, त्या भूमीवर पाण्याची रिकामी पाकिटे, चिवड्याच्या पिशव्या आणि प्लॅस्टिकचे पेले यांचा थर पडला होता. त्या भाषणांपैकी एक आमचेही होते. मान खाली घालून आम्ही घरी आलो. हा लेख त्या रात्रीचे ऋण आहे.

बेळगावला कापडाचे माहात्म्य बाहेरून कोणी शिकवावे, अशी वेळ यावी हेच आश्चर्य. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच नगरीत भरले. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून चार आण्यांऐवजी दरमहा २००० वार सूत द्यावे, या कल्पनेवर याच मांडवात शिक्कामोर्तब झाले. ती योजना पुढे टिकली नाही, हे खरे. परंतु कापडाचा एक धागा स्वाभिमानाशी जोडता येतो, हे ज्या गावाने देशाबरोबर ऐकले, त्या गावाला आज हातभर कापडाची पिशवी जड व्हावी? आणि कापड तरी दूर कोठे शोधावयाचे? शहापूर, वडगाव, खासबागेतील मागांचा खडखडाट अजून थांबलेला नाही. तेथील विणकर दिवस कसे काढीत आहेत, हे आपण जाणतो. मागावरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांना पिशवीचे रूप देणारे चार हात उभे राहिले, तर नाल्याचे आरोग्य आणि विणकराची चूल या दोहोंना थोडा आधार मिळेल.

मात्र येथे एक इशारा देणे अवश्य आहे, नाहीतर उत्साहाच्या भरात आपण नव्या चुकीत पडू. कापूस पिकवण्यास पाणी, खत आणि औषधे लागतात. कापड विणण्यास वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला, तेव्हा हवामानावरील परिणामापुरता विचार केला तरी नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असे दिसून आले. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ सालच्या अहवालात, सर्व प्रकारचे परिणाम धरता, हा आकडा कित्येक हजारांवर गेला. अर्थात त्या हिशेबांत तुंबलेला नाला आणि गाईचे पोट यांची पुरती मोजदाद नाही. तथापि त्यांचा बोध स्पष्ट आहे: पिशव्या विकत घेऊन कपाट भरू नका. जुन्या धोतराची, फाटक्या लुगड्याच्या धडक्या भागाची, मुलांच्या आखूड झालेल्या विजारीची पिशवी शिवा आणि ती चिंध्या होईपर्यंत वापरा. दरवेळी नवी कापडी पिशवी घेणारा मनुष्य प्लॅस्टिकवाल्याहून फारसा शहाणा नव्हे.

दुसरी फसवणूक बाजारात राजरोस चालू आहे. रंगीत, मऊ, कापडासारखी दिसणारी जी पिशवी कपड्यांच्या व मिठाईच्या दुकानांतून मिळते, ती बहुधा कापड नसते. पॉलिप्रॉपिलीनचे धागे दाबून केलेले ते प्लॅस्टिकच असते. ती काही महिन्यांत भुगा होऊन झडू लागते. तिचा सुटलेला धागा जाळून पाहा. सूत जळून राख होते, हे वितळून गोळा होते. तिसरा मोह आमच्या व्यवसायाशी संबंधित आहे. आमच्या अग्रलेखांना पुडीच्या रूपाने मोक्ष मिळावा, याला पूर्वी आमची हरकत नव्हती. गरम भज्यांनी आमचे कित्येक जळजळीत विचार अधिक जळजळीत केले आहेत. परंतु छपाईची शाई अन्नाला अपायकारक, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई केली आहे, आणि ती योग्य आहे. कोरा कागद, केळीचे पान, पळसाचे द्रोण आणि घरचा डबा यांना मात्र कोणाची मनाई नाही.

हे सारे एका माणसाने करून काय होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी साधे गणित मांडतो. एका घरात रोज ३ पिशव्या येतात असे धरा. वर्षाला १०९५ झाल्या. शंभर घरांची एक गल्ली वर्षात १ लाख ९ हजार ५०० पिशव्या पोटात घेते आणि गटारावाटे ओकते. याच गल्लीने ठरविले तर तेवढ्याच कमी होतील. आयर्लंडने २००२ साली पिशवीमागे पंधरा सेंटचा कर बसविला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. तेथील माणसे आपल्याहून पुण्यवान होती असे नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूला किंमत लागताच त्यांना आपल्या घरच्या पिशवीची आठवण झाली. जे तेथे कराने साधले ते येथे एकजुटीने साधता येईल. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्याच पूर्वजांची आहे.

म्हणून आमची सूचना थोडक्यात अशी. एका दुकानदाराने पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. परंतु एका संपूर्ण गल्लीने, एका संपूर्ण भाजीबाजाराने एकाच दिवशी नाकारली तर ते जाणार कोठे? व्यापाऱ्यांनी व भाजीविक्रेत्यांनी मिळून असा दिवस ठरवावा आणि “पिशवी घरून आणावी” हा फलक दोन्ही भाषांत लावावा. रविवार पेठेतील ठोक व्यापाऱ्यांनी पिशव्यांचे पुडे विकणे थांबवावे. मूळच आटले तर फांद्या वाळण्यास वेळ लागत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी प्रसाद द्रोणात द्यावा आणि विसर्जनाला आणलेले निर्माल्य पिशवीसकट कपिलेश्वर तलावात जाणार नाही, यासाठी आपले कार्यकर्ते उभे करावेत. आमच्या माताभगिनींस विशेष विनंती आहे: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या वाण म्हणून लुटण्यापेक्षा घरी शिवलेली एक पिशवी लुटा. ज्या घरी ती जाईल, त्या घरी वर्षभर तुमचे नाव निघेल. आणि यापुढे आमच्या मेळाव्यांत पाण्याचे पिंप आणि धातूचे पेले असतील, मैदान मोकळे करूनच कार्यकर्ते घरी जातील, हे वचन आम्ही या रकान्यातून जाहीरपणे देत आहोत. ते मोडलेले दिसले तर वाचकांनी आमचा कान धरावा.

दूध, तेल, बिस्किटे, मसाले हे सारे कंपन्यांच्या प्लॅस्टिकमध्येच बांधून येते आणि त्यापुढे आपल्या पिशवीची काय कथा, हा आक्षेप शिल्लक राहतो. आणि तो खरा आहे. २०१९-२० या एका वर्षात देशात सुमारे ३४.७ लाख टन प्लॅस्टिकचा कचरा झाल्याचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशेब आहे. त्यातील मोठा वाटा या वेष्टनांचा आहे. ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम झाले आहेत, ते कठोरपणे राबविले जावेत यासाठी आम्ही लिहीत राहू. परंतु मोठ्या चोराला पकडेपर्यंत आपण आपल्या घराचे दार सताड उघडे ठेवावे, असे कोणता शहाणा सांगेल?

आमच्या आजीच्या घरी दाराआड एका खुंटीला दोन पिशव्या असत. एक भाजीची, एक किराणा सामानाची. भाजीची पिशवी विटली की ती चुलीपुढचे फडके होई आणि तिच्या जागी आजोबांच्या धोतराची नवी पिशवी येई. या व्यवस्थेला त्या घरात कोणी पर्यावरण म्हटले नाही, नीटनेटकेपणा म्हटले. सीमाप्रश्न आपल्या हयातीत सुटो वा पुढील पिढीच्या, ही भूमी ज्यांच्या हाती जाईल त्यांना ती नाले वाहते, शेते पिकती आणि गुरे जिवंत अशी मिळाली पाहिजे. येत्या शनिवारी बाजारास निघण्यापूर्वी, वाचकहो, दाराआड एक खिळा ठोका.